शेवटचे दोन शब्द

एका राज्यात बोलायची फार कडक शिस्त होती. दरबारात कुणी काहीही सांगो, शेवट ‘महाराजांच्या कृपेने’ असाच करायचा. पीक आलं, महाराजांच्या कृपेने. मुलगी झाली, महाराजांच्या कृपेने. सर्दी झाली, तीही महाराजांच्याच कृपेने. हसते आहे खरी, पण तिथे असते तर सगळ्यांत मोठ्यानं मीच म्हटलं असतं.

एकदा तारणी नावाची जादूगारीण दरबारात आली. तळ्याचा बांध फुटून तिचं घर वाहून गेलं होतं. प्रधानानं तिलाही शिस्त शिकवली. ती शांतपणे म्हणाली, “घर गेलं, महाराजांच्या कृपेने. शेळ्या गेल्या, महाराजांच्या कृपेने.” आणि जाताना शाप देऊन गेली, की यापुढे हे शब्द निघतील तेव्हा तेव्हा राजा पायापासून वीतभर दगड होईल.

वैद्य आला. शाप वगैरे काही नाही म्हणाला, महाराजांच्या कृपेने. राजा चंद्रकेतूची पावलं दगडाची झाली. प्रधान वैद्यावर ओरडला आणि शेवट सवयीनं तोच केला. पोटऱ्या गेल्या. दुपारपर्यंत राजा गळ्यापर्यंत दगड.

राणी सुनेत्रानं सगळ्यांच्या तोंडाला फडकी बांधली आणि एका बोलक्या साळुंकीला वाट विचारत तारणी राहायला गेली होती तो डोंगर गाठला. तारणी म्हणाली, “ज्यांचं नुकसान केलं अशा तिघांपुढे त्यानं ते बोलून दाखवावं, मग शाप सुटेल. शेवट काय करायचा, ते त्याचं त्यानं शोधावं.” आणि तीही राणीबरोबर निघाली.

पहिला आला कोष्टी. राजा म्हणाला, “तुझा माग मी ओढून आणला. चूक माझी.” दुसरा गुराखी. “तुझं कुरण मी शिकारीसाठी अडवलं. चूक माझी.”

तिसरी तारणी. राजा अडखळला. पाऊस फार होता, म्हणाला. बांध जुना होता, म्हणाला. प्रधानाला राहवेना. त्यानं फडकं सोडलं, मदतीला तोंड उघडलं, तोच राणीनं त्यात अख्खा लाडू कोंबला. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, “अहो, बोला आता. दगड झालात तर मी शेंदूर लावणार नाही.”

राजानं डोळे मिटले. “तडा मी पाहिला होता. दुरुस्तीचे दगड मी माझ्या हौदाला लावले. चूक माझी.”

कडकड आवाज झाला, खपल्या पडल्या, आणि राजाच्या गुडघ्याला खाज सुटली. ती त्यानं इतक्या आनंदानं खाजवली की दरबाराला रडू आलं. मग तो उठला आणि म्हणाला, हौद आत्ताच फोडू या, बांधासाठी पहिला दगड मीच उचलतो.

“उचला,” तारणी म्हणाली, “पण सावकाश. बोटं अजून नवी आहेत.”