खांबावरचा चिखल

जपानातले सरदार आपसांत लढत होते तेव्हाची ही गोष्ट. आसा नदीला पूर आला होता. तरीही नदी ओलांडून शत्रूवर तुटून पडण्याचा हुकूम सरदार कामियाने टेकडीवर बसून दिला. चिलखतासकट शंभर बुडाले की दोनशे, मला खात्रीने सांगता येत नाही. मोजायला कोणी थांबलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सरदार काठावर येऊन म्हणाला, "पाणी कमरेएवढंच होतं. भित्रे होते म्हणून बुडाले. त्यांच्या घरच्यांच्या जमिनी काढून घ्या."

बुडालेल्यांत गोंझो नावाड्याचा मुलगा होता. गोंझो पुढे झाला. "धनी, आपण तर शूर. चिलखत घालून एकदा पलीकडे जाऊन दाखवा. घोड्याचा लगाम मी धरतो."

सगळी फौज पाहत होती. घोडा दोन पावलं पाण्यात गेला आणि सरदार ओरडला, "थांब, मूर्खा. आज पाणी फार आहे."

गोंझोने नाव बांधायच्या खांबाकडे बोट केलं. कालच्या पुराचा चिखल पाण्याच्या दोन हात वर सुकला होता.

"खरं आहे, धनी. काल ते दोन हात जास्त होतं. आता भित्र्यांत पहिलं नाव कोणाचं, ते आपणच सांगा."

जमिनी कोणाच्याच गेल्या नाहीत. मुलं मात्र गेली ती गेलीच.