यानात झोपाळा कशाला?

वाहिनीचे प्रमुख धारवाडकर साहेब यांचा दोनच गोष्टींवर जीव होता. एक स्वतःचा आवाज आणि दुसरी अकरा वर्षं चाललेली त्यांची सासू-सुनांची मालिका. त्यामुळे परग्रहवासीयांच्या नव्या मालिकेची लेखिका लतिका उपळेकर अंतराळयानाचा सेट मागायला गेली, तेव्हा ते गरजले, "नवा सेट मिळणार नाही! सासूबाईंचा दिवाणखाना दुपारनंतर रिकामाच असतो, त्यात उरका. पण प्रेक्षकाला पटलं पाहिजे, नाहीतर मालिका बंद!"

लतिकाने वाद घातला नाही. चार दिवसांनी ती भाग लिहूनच घेऊन आली. साहेबांनी पहिलं पान वाचलं आणि टेबलावर थाप मारली.

"अहो बाई, यानात झोपाळा? देव्हारा? आणि हे लोक बोलण्याआधी तीन-तीनदा मान का वळवतात?"

"साहेब, पृथ्वीवर माणसं कशी राहतात, हे त्यांना तुमची मालिका बघूनच कळलंय. आपल्याला परकं वाटू नये म्हणून त्यांनी यान तसंच सजवलं. तीनदा मान वळवणं हा त्यांना आपला नमस्कार वाटतो."

साहेब खुलले. आपली मालिका थेट परग्रहावर पोचली म्हणजे काय! त्यांनी झोकात मंजुरीची सही ठोकली आणि पेनाला टोपण लावता लावता विचारलं, "पण इतक्या लांबून बिचारे येतात तरी कशाला?"

"तुमची मालिका कधी संपणार, ते विचारायला."

सही तर होऊन गेली होती. साहेबांनी मान वळवून लतिकाकडे पाहिलं. एकदा, दोनदा, तीनदा.