ठकूच्या सात ओळी

वैशाखातला शनिवार, दिवस बरोबर डोक्यावर, माणसाची सावली त्याच्याच पायाखाली. आमच्या मुरडेवाडीच्या उतारावर करवंदीच्या जाळ्या ओळीत का उभ्या आहेत, असं पाहुण्यांनी विचारलं की माझ्या सासूबाई याच घटकेपासून सांगायला लागतात. रानात करवंद कुठंही उगवतं, ओळ धरून कधीच नाही. इथं मात्र सात ओळी आहेत, कुणी दोरी धरून लावल्यासारख्या.

तेव्हा उतार मोकळाच होता म्हणे. थोड्या जाळ्या, आणि त्यांच्यातच एक दुसरं झुडूप माजलेलं. त्याचं नाव आमच्याकडं घेत नाहीत. फळ तसंच काळं, तसंच टपोरं. ते फळ खाल्लं की शेळी संध्याकाळ बघत नसे.

ठकू नावाची धनगराची सून तिथं शेळ्या चारायला यायची. तिची लेक बनाई चार वर्षांची, पण तोंडातून अजून शब्द नव्हता. त्या दिवशी भर बाराला ठकूनं वळून बघितलं, तर लेक झुडपांत बसलेली. ओठ, जीभ काळीनिळी आणि मूठ गच्च मिटलेली.

"काय खाल्लंस गं? बोल की!" ठकू तिला गदागदा हलवायला लागली. पोर नुसती बघत राहिली. सांगणार कशी?

इथं दर वेळी मी माझ्या धाकटीची मूठ उघडून बघते. तीही दिसेल ते तोंडात घालते.

ठकू लेकीला उचलून वाडीकडं धावली. पळता पळताच तिनं डोंगरावरच्या जननीला नवस बोलला, "लेक वाचव, आई. त्या उतारावर दुसरं झुडूप ठिवायची न्हाई. ओळख पटल्याबिगर कुणाचं पोर तिथं फळ खानार न्हाई."

वाडीत बायका जमल्या. कुणी मिठाचं पाणी आणलं, कुणी रडायलाच लागली. म्हातारी भागाक्का मात्र पोरीची मूठ सोडवत बसली. मूठ उघडेना.

"आगं ठके, रडतीस काय येड्यागत! बोटं चिकटल्यात हिची. चीक हाय ह्यो, त्या दुसऱ्या झुडपाला ना चीक, ना काटा. करवंदंच खाऊन आलीया तुजी लेक!"

मूठ सुटली. आत अर्धं चावलेलं करवंद, लालभडक. करवंद आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी, हा पोरांचा खेळ तेव्हाही होता. बनाईनं ते करवंद आईसमोर धरलं आणि म्हणाली, "कोंबडा."

तिचा पहिला शब्द. ठकू हसली का रडली, ते कुणालाच कळलं नाही, असं सांगतात.

पावसाआधी ठकूनं ते विषारी झुडूप मुळासकट खणून काढलं. पिकल्या करवंदांच्या ताज्या बिया ओळीनं टोचल्या. ओळीत उगवेल ते आपलं, ओळीबाहेरचं उपटायचं, एवढी साधी खूण. शेळ्यांनी रोपं खाऊ नयेत म्हणून तीन वर्षं ती तिथंच राखण करत बसली म्हणे.

आजही आमच्या वाडीतलं पोर आधी फांदीवरचे काटे दाखवतं, मग चिकानं माखलेलं बोट. आई "हं" म्हणाली की मगच चावतं आणि ओरडतं, कोंबडा का कोंबडी. परवा धाकटीनं पहिल्यांदाच माझ्यापुढं बोट धरलं. चिकट होतं. माझा जीव भांड्यात पडला.

नुसत्या चिकावर मात्र जाऊ नका, चीक असलेली वाईट झाडंही असतात. ओळखणाऱ्या माणसाला विचारा. आणि खाली उतरलात की तुमच्याकडच्या आयांनाही एवढं सांगा.