घाटातला दोर

मोटारी हँडल मारून सुरू होत, तेव्हापासून एक जाडजूड दोर पुरंधऱ्यांच्या गाडीच्या डिकीत राहत होता. म्हातारपणी पुरंधरेआजोबा येईल त्याला सांगू लागले, "आमची गाडी जन्मात कधी बंद पडली नाही!"

दोराने गाडीला विचारलं, "आणि दर उन्हाळ्यात घाटात मी तुला ओढायचो, ते?"

"कुठला घाट?" गाडी म्हणाली.

मग डिकीत दोर कशाला, म्हणत सूनबाईंनी तो अंगणात कपडे वाळत घालायला बांधला.

दसऱ्याला हार घालून गाडी निघाली, ती कोपऱ्यावरच बसली. अंगावरचे ओले कपडे टाकून दोर धावला आणि शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरमागे तिला ओढत घरी घेऊन आला.

आजोबांनी डोळे पुसत बॉनेट थोपटलं. "बघा, या वयातही हिने आम्हाला सुखरूप घरी आणून सोडलंन!"

गाडी दोराला म्हणाली, "ऐकलंस ना?"