दोन स्वरांच्या मधला स्वर

रेडिओ नुकताच आला होता, तेव्हाची गोष्ट. अरबांच्या मुलखात समुद्राकाठच्या एका गावात इद्रीस नावाचा गवई राहत असे. तो ऊद वाजवून गाई. ऊद म्हणजे पडदे नसलेलं तंतुवाद्य. बोट सरकेल तिथे स्वर.

त्याचं एक गाणं गावाला फार आवडे. मोती काढायला समुद्रात गेलेल्या नवऱ्यांची वाट पाहताना बायका ते गात. त्यात एक स्वर होता, धड कोमल नाही, धड शुद्ध नाही, दोन्हींच्या मधला. तो आला की ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येत.

इद्रीसने ते गाणं आपल्या मुलीला, सुहैलाला शिकवलं. तिचा आवाज गोड होता. शहरातल्या ग्रामोफोनच्या तबकड्या काढणाऱ्या कंपनीने तिला बोलावलं. साथीला पियानो होता.

पियानोवाला म्हणाला, "बाई, हा स्वर माझ्या पट्ट्यांत नाही. अलीकडचा घ्या, नाहीतर पलीकडचा."

इद्रीस सोबत आला होता. तो म्हणाला, "पोरी, पियानो असू दे की! छानच वाजतो. फक्त त्या जागी त्याला थांबायला सांग. तेवढं तू एकटी गा."

"बाबा, एवढासा स्वर! कुणाला कळणार आहे?" असं म्हणून सुहैलाने अलीकडचा स्वर घेतला.

तबकडी गाजली. घरोघरी वाजू लागली. इद्रीसने ती एकदाच ऐकली. "आवाज तुझाच आहे," एवढंच तो बोलला.

पुढे सुहैला शहरातच राहिली. वीस वर्षांनी इद्रीस वारला. ती गावी आली. बायका जमल्या होत्या. ती म्हणाली, "आज बाबांचं गाणं त्यांच्यासारखं गाते."

ती गाऊ लागली. त्या जागी आली आणि गळा सवयीने अलीकडेच थांबला. पुन्हा गायली, तर पलीकडे गेला. तिसऱ्यांदा तिला रडू फुटलं.

"तुमच्यापैकी कुणीतरी म्हणून दाखवा ना!" तिने विनवलं.

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. त्यांतली सर्वांत वयस्कर बाई हळूच म्हणाली, "पोरी, आम्ही इतकी वर्षं तुझी तबकडी ऐकूनच गातोय. आधीचं कानांतून कधी गेलं, कळलंच नाही. आम्हाला वाटलं, ते असंच आहे."

तात्पर्य: नवं जरूर घ्यावं. पण त्यात न मावणारं काही टाकून देण्याआधी, ते आणखी कुणाला येतं का, एवढं तरी पाहावं.