खाली अक्का झोपल्या आहेत

एकदा एका घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या गावात मुकुंदराव नावाचे एक वृद्ध गुरुजी राहत असत. तारुण्यात त्यांनी सायकलच्या अनेक शर्यती जिंकल्या होत्या आणि उतारवयात ते इतरांना शिकवीत होते. त्यांच्या शिष्यांत रणधीर नावाचा एक तरुण होता. देहाने भरभक्कम, मनाने सरळ, कष्टाला कधी नाही न म्हणणारा. सपाट रस्त्यावर त्याच्या बरोबरीने टिकणे कुणाला साधत नसे. घाट लागला की मात्र विपरीत घडे. पहिल्या वळणांवर तो सगळ्यांना मागे टाकी आणि शेवटचा चढ समोर आला की त्याच्या पोटऱ्यांत असे गोळे येत की त्याला उतरून रस्त्याच्या कडेला बसावे लागे. मागचे स्वार एकेक करून पुढे निघून जात आणि हा पोटऱ्या चोळत त्यांच्या पाठींकडे पाहत राही.

त्या वर्षी हिवाळ्याच्या अखेरीस याच घाटात शर्यत व्हायची होती आणि तीतून राज्याच्या संघासाठी दोघांची निवड होणार होती. वडिलांनी रणधीरला आधीच सांगून ठेवले होते, "यंदा बघू. नाही जमलं तर आपली पिठाची गिरणी आहेच." रणधीरला गिरणीचा तिटकारा नव्हता, पण सायकलशिवायचे आयुष्य त्याला कल्पवत नव्हते. म्हणून तो सकाळी घाट चढे आणि संध्याकाळी पुन्हा चढे. पोटऱ्या बऱ्या व्हायच्या सोडून अधिकच दुखू लागल्या.

एके दुपारी गुरुजींनी त्याला सायकल अंगणात ठेवायला लावली आणि माडीवर नेले. माडीची जमीन जुन्या सागवानी फळ्यांची होती. गुरुजींनी खुंटीवरची सुताची दोरी काढून त्याच्या हातात दिली.

"आजपासून रोज दुपारी इथे दोरीवरच्या उड्या मारायच्या."

रणधीर दोरीकडे पाहतच राहिला. "गुरुजी, सायकल चालवणाऱ्याला उड्या कशाला?"

"मार तर खरं."

रणधीरने अंगातले सगळे बळ एकवटून उडी मारली. माडी हादरली, खालच्या स्वयंपाकघरातले डबे खणखणले आणि दुसऱ्याच उडीला दोरी पायांत अडकून तो गुडघ्यांवर आपटला. पाठोपाठ खालून एक खणखणीत आवाज आला, "अगं बाई! मुकुंदा, माडीवर रेडा बांधलायस की काय?"

तो आवाज अक्कांचा होता. अक्का म्हणजे गुरुजींच्या थोरल्या बहीण. पावसाळ्यात त्या मोठ्या दुखण्यातून उठल्या होत्या. तेव्हापासून रात्री त्यांचा डोळ्याला डोळा लागत नसे; जी काही झोप मिळे ती दुपारच्या जेवणानंतर.

रणधीर ओशाळला. "अक्का झोपल्या होत्या?"

"हो. रोज याच वेळी झोपते ती."

"मग मी अंगणात मारतो ना उड्या. नाहीतर संध्याकाळी येतो."

"नाही. इथेच आणि याच वेळी," असे म्हणून गुरुजी शांतपणे जिना उतरून गेले.

रणधीरला काही उमगेना. शिष्यांच्या जेवणाखाण्याची चौकशी करणारा हा मृदू मनाचा माणूस स्वतःच्या आजारी बहिणीशी असा निष्ठुर कसा वागू शकतो? दुसऱ्या दिवशी त्याने येताना गोणपाट आणले आणि फळ्यांवर अंथरले. गुरुजींनी ते गुंडाळून कोपऱ्यात उभे केले. खालून पुन्हा रेड्याची विचारपूस झाली. शेवटी न राहवून तो खाली गेला आणि अक्कांच्या पलंगाशी हात जोडून उभा राहिला.

"अक्का, माझ्यामुळे तुमची झोप मोडते. मला फार वाईट वाटतं."

अक्कांनी उशाच्या डब्यातून रव्याचा लाडू काढून त्याच्या हातावर ठेवला. "खा. हलका हो म्हणते मी, उपाशी राहा म्हणत नाही. आणि एक सांगते, तुझा तो उजवा पाय फार भांडखोर आहे बघ. डावा बिचारा गरीब वाटतो."

रणधीर हसला. परंतु माडीवर परतल्यावर तो प्रथमच आपल्या पावलांचा आवाज ऐकू लागला. खरेच, उजवा पाय धाडकन पडत होता आणि डावा त्याच्यामागे फरफटत येत होता. दोरी पायांखालून जायला बोटभर जागा पुरते. आपण मात्र छपराला हात लावायला निघाल्यासारखे उडतो, हेही त्याच्या ध्यानात आले. तो लहान उड्या घेऊ लागला. टाच आपटली की फळी बोलते आणि चवड्यावर उतरून गुडघा किंचित सैल सोडला की ती गप्प राहते, हे त्याला हळूहळू कळत गेले. दोरी अडके, तो स्वतःशीच हसे आणि पुन्हा सुरुवात करी. मनात सदैव एकच विचार असे, की खाली अक्का झोपल्या आहेत.

असे पुष्कळ दिवस गेले. एका दुपारी गुरुजी माडीच्या खिडकीशी वाचत बसले होते आणि रणधीर आपल्याच तंद्रीत उड्या मारीत होता. इतक्यात जिन्यावरून अक्का कठड्याला धरून हळूहळू वर येताना म्हणाल्या, "मुकुंदा, आज तुझा शिष्य आला नाही वाटतं? बरं आहे ना त्याला?"

आणि वरच्या पायरीवर येऊन पाहतात तो रणधीर समोरच उभा, घामाने निथळत, हातात दोरी!

मग तिघेही इतके हसले, की अक्कांना भिंतीला टेकून बसावे लागले.

हसणे ओसरल्यावर रणधीरने विचारले, "गुरुजी, आता तरी सांगा. हे सगळं कशासाठी?"

गुरुजींनी पुस्तक मिटले. "बाळ, बळाची उणीव तुला कधीच नव्हती. पण सायकलवर बसलं, की आपल्या देहाचा भार ती वाहते. तुझे पाय वर्षानुवर्षं फक्त ढकलायला शिकले. स्वतःचा भार तोलायला कधी शिकलेच नाहीत. चढ लागला की पॅडलशी सात जन्मांचं वैर असल्यासारखा तू ते हाणायचास. त्यातलं निम्मं बळ चाकाला मिळे, बाकीचं तुझ्याच पोटऱ्यांना पिळून काढी. दोरीनं पाय घट्ट होतात हे कुणीही सांगेल. मला तुला उडीपेक्षा उतरणं शिकवायचं होतं."

"मग अंगणात का नाही?"

"अंगणातली माती सगळं गिळून टाकते. आपल्या पावलाचा धक्का कुणाला तरी लागतो हे कळल्याशिवाय माणूस जपून पाऊल टाकीत नाही. तुझ्यापाशी ताकद होती. ती कुणासाठी तरी आवरून धरायची कधी वेळ आली नव्हती, एवढंच."

"पण त्यापायी अक्कांची झोप..."

"ती झोप माझी होती, मीच दिली," अक्का मध्येच म्हणाल्या. "यानं आधी मला विचारलं होतं. महिनोन् महिने सगळे माझी सेवा करत होते रे. पडल्या पडल्या मलाही कुणाच्या उपयोगी पडता आलं. त्या औषधांच्या बाटल्यांपेक्षा यानंच जास्त बरं वाटलं मला."

रणधीरने वाकून दोघांना नमस्कार केला.

शर्यतीच्या दिवशी पहिल्या वळणांवर रणधीर मधल्या घोळक्यातच राहिला. पाहणाऱ्यांना वाटले, यंदा याचे काही खरे नाही. त्याचे पाय मात्र एका लयीत फिरत होते, दोन्ही सारखे. शेवटचा चढ आला. पोटऱ्या ताणल्या गेल्या, पण गोळे आले नाहीत. मग तो एकेकाला मागे टाकीत निघाला. अखेरच्या रेषेवर सांगलीकडचा एक स्वार अर्ध्या चाकाने त्याच्या पुढे होता. रणधीर दुसरा आला आणि राज्याच्या संघात निवडला गेला. वडिलांनी सर्वांदेखत त्याला मिठी मारली आणि डोळे पुसले.

गुरुजी शर्यतीला आले नव्हते. अक्कांना घरी एकटे ठेवून ते लांब जात नसत. म्हणून रणधीर थेट घाट उतरून त्यांच्या घरी आला. फाटकातूनच आनंदाने हाक मारायला त्याने तोंड उघडले आणि ते तसेच मिटले. दुपारची वेळ होती. त्याने सायकल उचलून अलगद भिंतीला टेकवली आणि बूट हातात घेऊन तो ओसरीपाशी आला. तिथे बसलेल्या गुरुजींनी भुवया उंचावून विचारले. रणधीरने दोन बोटे दाखवली. गुरुजींनी चष्मा काढला आणि ते धोतराच्या सोग्याने तो बराच वेळ पुसत राहिले.

"उठवू तिला?" त्यांनी हलकेच विचारले.

रणधीरने नकारार्थी मान हलवली आणि तो पायरीवर बसला. आतून अक्कांच्या घोरण्याचा संथ आवाज येत होता. त्या दिवशी अक्का खूप वेळ झोपल्या, आणि बाहेर बसलेल्या दोघांनाही कसलीच घाई नव्हती.