साडेतीन बोटांची टाच

“बाप्या माणसानं उंच टाचेचा बूट घालावा का, बुवा? तेवढं एकच सांगा.”

पाटलांनी हे पालथं पडूनच विचारलं. कपाळ फरशीवर, हात पुढं जोडलेले. तोंड खाली असल्यामुळे आवाज आधी फरशीवर आपटला आणि मग वर आला.

सिदूबुवा मठाच्या ओसरीवर वहाण शिवत बसले होते. आरी चामड्यात रुतली होती. त्यांनी ती सावकाश ओढून काढली.

“तुमच्यासंगं आलेलं ते उंच पाव्हणं कुठं गेलं?”

“कोण पाव्हणं? मी एकटाच आलोय.”

“पायऱ्या चढताना दिसलं की मला. उंचपुरं. डोईला फेटा…”

“तो मीच.”

“असं व्हय…” बुवा म्हणाले, आणि पुन्हा आरी घातली.

म्हाताऱ्याची नजर गेली, असं पाटलांना वाटलं. वाईटही वाटलं.

दौलतराव पाटील हे खडकेवाडीचे पोलीस पाटील. आवाज मोठा, मिशी त्याहून मोठी. तीस वर्षं दर सोमवारी ते या टेकडीवर येत; आज मात्र बुधवारीच आले होते. बाकीचे लोक वहाणा पायऱ्यांच्या तळाशी काढत. पाटील सगळ्या पायऱ्या वहाणांसकट चढत, करकर वाजवत, आणि शेवटच्या पायरीवर उंबऱ्याला लागून त्या काढत. काढल्या की तिथूनच अंग टाकत. थेट दंडवत. मधे क्षणभरही उभे राहत नसत. दंडवतातून उठले की बसलेलेच असत. जाताना देवाला पाठ नको म्हणून बसल्या बसल्या उंबऱ्यापर्यंत मागं सरकत, आणि पाय थेट वहाणांत घालत.

पाटलांएवढी भक्ती पंचक्रोशीत नाही, असं लोक म्हणत. पाटील ते खोडून काढत नसत.

सिदूबुवाही खडकेवाडीचेच. पूर्वी गावात वहाणा करत. त्यांच्या गुरूंनी देह ठेवला आणि मठ बुवांकडं आला. मठ आला, पण आरी सुटली नाही. पाटलांच्या वहाणा अजूनही तेच करत.

“उठून बसा,” बुवा म्हणाले. “कुणाच्या टाचेचं म्हणताय?”

पाटील उठून बसले. फेटा सारखा केला.

“आमच्या रोहिणीला स्थळ आलं. पोरगा दातांचा डॉक्टर. माणसं चांगली, घर चांगलं. रविवारी बोलणी करायला आले. आणि पोरगा गाडीतनं उतरला तो…” पाटलांनी डोळे मिटले. “टक, टक, टक. पार दारापर्यंत. मला वाटलं, पोराची आई आली पुढं. तोंडातनं ‘या विहीणबाई’ निघून गेलं माझ्या!”

ओसरीच्या कडेला साळूआत्या तांदूळ निवडत होती. मठाची झाडलोट तिच्याकडं. डोळ्यांना कमी दिसायचं, कानांना जास्त ऐकू यायचं. तिचा हात सुपातच थांबला.

“मग?” बुवांनी विचारलं.

“मग काय! हाकलून दिलं. चहासुद्धा दिला न्हाय.”

“चहासुद्धा न्हाय…” बुवा हळहळले.

“पोरगी म्हणती, करीन तर त्याच्याशीच. तीन दिवस झाले, ताट वाढती, पण बोलत न्हाय. मंडळीनं बी तोंड फिरवलंय. उद्या सकाळपर्यंत निरोप गेला न्हाय तर पाव्हणं दुसरीकडं बघणार. रोहिणी तुमचं ऐकती, बुवा. तुम्ही तिला सांगा. असला बाप्या नको म्हणून सांगा.”

बुवांनी दोरा दातांनी तोडला.

“पोरानं टाच का घातली? बुटका हाय?”

“बुटका असता तर समजलं असतं!” पाटील उसळले. “सहा फूट हाय! आमच्या दाराला डोकं आपटलं त्याचं!”

“बुटका असता तर समजलं असतं…”

बुवांनी एवढंच म्हटलं. पाटलांना धोतरावर एक धागा दिसला. तो ते बराच वेळ काढत बसले.

“मग का घालतो? विचारलं न्हाय?”

“विचारलं. म्हणतो, मला आवडतात.”

“एवढंच?”

“एवढंच! लाजला न्हाय. लपवलं न्हाय. उलट पाय पुढं करून दाखवला सगळ्यांना. म्हणे, आता पुरुष बी घालतात. गुलाबी घालतात, फुलाफुलांचे घालतात. चार माणसांत बसून सांगतोय!”

“तुमचे आजोबा लाल वहाणा घालायचे,” बुवा म्हणाले. “गोंडे लावलेल्या, जरीनं भरलेल्या. माझ्या बापानं केल्या होत्या. गाव वळून बघायचं. तुमच्या वडिलांनी त्या माळ्यावर टाकल्या. म्हणाले, बायकी दिसतात.”

“ते वेगळं.”

“वेगळंच. किती उंच होती पोराची टाच?”

पाटलांनी तीन बोटं आडवी धरली.

बुवांनी तशीच तीन बोटं आडवी धरून बघितली. मग गुडघ्यावर हात देऊन उठले, गाभाऱ्यात गेले आणि गुरूंच्या खडावा घेऊन आले. दर सोमवारी पाटील ज्यांवर डोकं ठेवत, त्याच त्या. बुवांनी खालच्या खुंटांना बोटं लावली.

“चार.”

“बुवा! त्या पूजेच्या!”

“आता पूजेच्या. तेव्हा महाराज ह्या घालून विहिरीवर जायचे. टक, टक, टक… तुम्ही असता तर हाकलून दिलं असतं.”

सुपातून चार तांदूळ सांडले. साळूआत्या ते वेचू लागली. खांदे मात्र हलत होते.

बुवांनी खडावा बाजूला ठेवल्या. मग उंबऱ्याबाहेर हात घातला आणि पाटलांची डावी वहाण उचलून मांडीवर घेतली.

पाटलांनी ती परत घ्यायला हात पुढं केला.

बुवांनी टाचेला बोटं लावली. एक, दोन, तीन. वर अजून टाच उरली. त्यांनी करंगळी अर्धी टेकवली.

“साडेतीन. पोरगा अर्ध्या बोटानं कमी पडला, पाटील. तुम्हांला राग येणारच.”

“ही वहाण हाय!” पाटलांचा आवाज टेकडीखालीसुद्धा गेला असेल. “मर्दाची वहाण! चालताना करकर वाजते!”

“वाजते की. वाजावी म्हणून तळात मीच बिया घातल्यात.”

“चार माणसांना कळलं पाहिजे, पाटील येतोय!”

“आणि पोराची टकटक?”

पाटलांनी मिशीवर हात फिरवला.

बुवांनी पेटीतून चामडं कापायची रापी काढली. धार अंगठ्यावर बघितली. रापी टाचेवर आडवी धरली.

“सात थर हायत. सांगा, कितव्या थरापर्यंत बाप्या? तिथनं कापतो.”

पाटील थर मोजू लागले.

“पाच.”

रापी पाचव्या थरावर टेकली.

“न्हाय न्हाय, सहा!”

रापी वर सरकली. चामडं कुरकुरलं.

“राहू द्या!” पाटील ओरडले. “राहू द्यात सगळे.”

बुवांनी रापी पेटीत ठेवली. कुठलाही राग नाही, हसूही नाही.

“उभं राहा, पाटील.”

“आं?”

“उभं राहा. तीस वर्षांत मठात तुम्हांला उभं राहिलेलं बघितलं न्हाय.”

पाटलांनी उंबऱ्याकडं बघितलं. एक वहाण तिथं, एक बुवांच्या मांडीवर. त्यांनी देवाकडं बघितलं. तिकडूनही काही आलं नाही.

मग ते उभे राहिले. अनवाणी. सरळ.

साळूआत्यानं डोळे बारीक केले.

“उठा की आता, पाटील. किती वेळ बसणार? गुडघं धरतील.”

“मी उभाच हाय, आत्या.”

“अगं बाई…” आत्या म्हणाली, आणि घाईघाईनं सूप पाखडू लागली. पाखडण्यासारखं त्यात काही राहिलं नव्हतं.

पाटलांनी फेट्याचा तुरा चाचपला.

“लग्नात फोटो काढतात, बुवा,” पाटील म्हणाले. आवाज फार लहान होता. “सासरा आणि जावई, शेजारी शेजारी. दारात त्याला नमस्कार करायला उभा राहिलो, तर माझा तुरा त्याच्या खिशाला लागला. खिशाला… आणि त्याला गरज नसताना तो आणखी तीन बोटं वर गेलाय. आवडतं म्हणून!”

“खाली टाच, वर तुरा. मधला माणूस केवढा, ते कुणाला ठाऊक हाय?”

“कुणाला न्हाय.”

“घरात?”

“घरात मी खाटेवर असतो. न्हायतर खुर्चीवर. मंडळीला बी ठाऊक न्हाय. पस्तीस वर्षं सांभाळलंय.”

बुवांनी बसायच्या फळीखाली हात घातला आणि एक बायकी चप्पल काढली.

“ही कुणाची?”

“आमच्या मंडळीची. अंगठा तुटला म्हणून टाकली होती तुमच्याकडं.”

“अंगठा शिवलाय. तळ दाबून बघा.”

पाटलांनी चप्पल हातात घेतली. अंगठ्यानं तळ दाबला. खालून धरलेलं आपलंच बोट त्यांना चामड्यातून लागलं. पापडाएवढा तळ.

पाटील तापले.

“ही लबाडी बरी न्हाय, बुवा! बाईमाणसाला असलं पातळ चामडं? टेकडीवर सगळी खडी. पाय फुटतील की तिचे!”

“तुमचं लग्न झालं त्या साली दोघं माप द्यायला आला होता. तुम्ही कानात सांगितलंत, दोन थर जास्त घाल. आणि बाहेर गेलात.”

पाटलांनी साळूआत्याकडं चोरून बघितलं.

“त्या मागं राहिल्या. त्यांनी काय कानात सांगितलं न्हाय, सरळच म्हणाल्या. माझा एक काढ.”

पाटील चपलेकडं बघत राहिले.

“पुढं बी तेच. तुमचा वाढला की त्यांचा कमी. आता त्यात काढायला काय राहिलं न्हाय… मी म्हटलं एकदा, वहिनी, काटा भरंल. म्हणाल्या, भरू दे. त्यांना कानाएवढी दिसले की ते दिवसभर खुशीत असतात.”

मंडळी उंच होती. पाटलांना हे लग्नात दिसलं होतं. पुढं दिसेनासं झालं. आपण वाढलो, असंच ते धरून चालले होते.

दर सोमवारी ती त्यांच्यामागून टेकडी चढायची. हळूहळू, पाय जपत, खडी चुकवत. ते पुढून ओरडायचे, “चल की लवकर! फुलं तुडवल्यागत काय चालतीस?” आणि ती मागून हसून म्हणायची, “तुम्ही व्हा पुढं. मी तुमची करकर ऐकत येते.”

पाटील वाकले. बुवांच्या मांडीवरची वहाण घेतली, उंबऱ्यावरची घेतली. दोन्ही एका हातात धरल्या. दुसऱ्या हातात मंडळीची चप्पल. आणि पायऱ्या उतरायला लागले. उभ्यानं, अनवाणी.

“पाटील! देवाला पाठ झाली!” साळूआत्या ओरडली.

ते वळले नाहीत. पायऱ्या संपल्या, खडी सुरू झाली. पहिल्याच पावलाला त्यांनी “आई गं” म्हटलं. दुसऱ्याला काही म्हटलं नाही. चार पावलांवर थांबले.

“बुवा, हिच्या चपलेला किती थर बसतील?”

“मला काय विचारता? त्यांना विचारा.”

पाटील आणखी थोडे गेले. पुन्हा थांबले. खाली वाटेवर दोन बाया जळण घेऊन येत होत्या. त्यांनी पाटलांना बघितलं, एकमेकींकडं बघितलं. पाटील बाजूला सरकले नाहीत.

“आणि पोराकडं काय निरोप धाडू?”

बुवांनी सुई उजेडाकडं धरली. ते सुईत दोरा ओवत होते. दोरा एका झटक्यात गेला. म्हणजे नजर चांगली होती.

पाटील उभेच होते. एका पायावरून दुसऱ्या पायावर…

बुवांनी मान वर केली. पाटलांच्या हातात लोंबणाऱ्या वहाणांकडं बघितलं.

“त्या आधी पायात घाला, पाटील. ह्या काय, त्या काय, कुठल्याच उंच पाव्हण्याला असं बिनचहाचं घालवू न्हाय.”